डांबर पाजलेली दोरी

खिडकीला पोतं बांधायला हवं, असं धाकटी सून म्हणाली. मी तिला सरळ विचारलं, की भरदुपारी माझ्या घरात अंधार करून तुला कुणाची पूजा मांडायचीय?

"पूजा नाही, आई. एक चमक बघायचीय. ती उजेडात दिसत नाही."

उजेडात न दिसणारी चमक. मी बोलणार होते, पण थोरला दामोदर तेवढ्यात स्टुलावर चढून खिडकीला पोतं ठोकायलाही लागला होता. तो मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. सोसायटीत त्याच्यापुढे कुणी ब्र काढत नाही, आणि इथे या पोरीच्या शब्दावर स्टुलावर चढतो. मी पदर खोचला आणि जाळ्यांच्या ढिगावर बसून राहिले. घर माझं, खोली माझी, अंधारही माझ्या देखतच व्हायला हवा होता.

धाकट्याची ही बायको घाटावरची, साताऱ्याकडची. नाव मेघना. धाकटा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात, आणि ही मुंबईच्या कॉलेजात शिकवायची, प्रयोग करायची. लग्न होऊन आली तेव्हा बोंबलाचा काटा काढता येत नव्हता, आणि माझ्यापुढे बसून पाण्याबद्दल बोलायची. मी दुसरीपर्यंत शिकलेली; तीही मास्तर आमच्याकडून सुकट न्यायचे म्हणून पास झाले. तरी पाण्याबद्दल मला कुणी सांगावं, हे काही मला पटणारं नव्हतं.

कारण गोडी विहीर आमची. आगरवेळ गावात पाणी पुष्कळ, पिण्यासारखं कुठे नाही. चहूकडे खाडी आणि मिठागरं. ज्याने त्याने खणून पाहिलं, सगळीकडे मचूळ. फक्त माझ्या सासऱ्यांनी टेकडीच्या पायथ्याशी कातळ फोडला आणि तिथे गोड झरा लागला. तेव्हापासून गावातली कुठलीही होडी मोसमाची पहिली निघाली की आमच्या घरातल्या थोरल्या बाईच्या हातची पहिली कळशी तिच्यात चढायची. नवी नवरी पहिला हंडा इथूनच भरणार. कुणी शेवटच्या घटका मोजत असला तरी तांब्या घेऊन माणूस आमच्याच दारात. माझे यजमान, आमच्या होडीचे तांडेल, गेले, तेव्हा अखेरचे काही महिने त्यांच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. या पाण्यावर मी त्यांना जगवलं, चमच्या चमच्याने. सगळा गाव त्याला साक्षीदार आहे.

मेघना हे सगळं करत होती ते कारखान्यामुळे. टेकडीपलीकडे रंगाचा कारखाना आला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याचा पाइप खाडीत उतरायचा. खाडीतली निवटी गेली, कालवं गेली, जाळ्यात आलेल्या माशाला औषधाचा वास यायला लागला. आता त्या कारखान्याला दुप्पट व्हायचं होतं. त्यासाठी सरकारी साहेब सोमवारी गावात येऊन लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होता. आधी दोनदा पाणी तपासायला नेलं, दोन्हीदा कागद आला की काही सापडलं नाही. दामोदरला पुरावा पाहिजे होता. तो त्याने थोरल्या दिराच्या नात्याने नव्हे, हात जोडून मागितला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मेघनाने पाण्यात सोडल्या होत्या त्या पट्ट्या. काचेसारख्या आरपार, पण ओढल्या की ताणणाऱ्या, दुधाची साय सुकवून ठेवावी तशा. तिने मला समजावलं, की कारखान्याच्या पाण्यात बेंझिनच्या कुळातली काही द्रव्यं असतात, आणि ती इतकी थोडी असतात की नाकाला, जिभेला कळत नाहीत. बाटलीभर पाण्यात साध्या तपासणीलाही सापडत नाहीत. पण ही पट्टी पाण्यात लोंबत ठेवली की ती त्यांना शोषून स्वतःत साठवत जाते. मग जांभळ्या दिव्याखाली धरली की साठलेलं निळं चमकतं.

"म्हणजे हावरट विहीण," मी म्हटलं. "पंगतीत बसेल, सगळ्यांच्या पानातलं ओढेल, आणि मागून तोंडावर तेज."

तेव्हा मात्र ती हसली होती.

पट्ट्या तीन ठिकाणी टांगल्या होत्या. एक कारखान्याच्या पाइपापाशी, एक खाडीच्या मुखाशी, जिथे उघडा समुद्र लागतो, आणि एक गोड्या विहिरीत. विहिरीत का, म्हणून मी भांडले होते. ती म्हणाली, चांगलं पाणी कसं दिसतं तेही साहेबाला दाखवायला हवं. एवढं बोलल्यावर मी परवानगी दिली. चौथी पट्टी तिने मुंबईहूनच शुद्ध पाण्याच्या बाटलीत बंद करून आणली होती.

अंधार झाला. तिने दिवा लावला, नोट खरी की खोटी बघायला दुकानदार ठेवतात तसला. बाटलीतली पट्टी धरली. काही नाही, काळोख. पाइपापाशी टांगलेली धरली आणि दामोदरच्या तोंडून हुंकार निघाला. पट्टी पेटली होती. चुलीतला निळा जाळ उचलून हातात धरावा तशी.

मुखाशी टांगलेलीही तशीच.

"इथेही?" मेघना स्वतःशीच म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली. ती कुणी पाहिली नाही, मी पाहिली.

मग तिने तिसरी उचलली, आणि तीही पेटली. माझ्या विहिरीची.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दामोदरने सोसायटीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. कारखाना आता बुडाला, असं जो तो म्हणत होता. खाडीत विष, समुद्रात विष, आणि शेवटी हळूच, चांगुणाबायच्या विहिरीतही विष.

दुसऱ्या सकाळी मी विहिरीवर जाऊन बसले. रोज तिथे बायांची रांग लागते, कळशीला कळशी आपटते, कुणाच्या सासूचं, कुणाच्या सुनेचं निघतं. त्या दिवशी पाखरूही नव्हतं. उन्हं वर आली तेव्हा ठमाबाय आली. ठमी माझ्याच वयाची, शेजारीण, आणि तिच्या परड्यातली विहीर गावातली सगळ्यात खारट. जन्मभर तिने माझ्या विहिरीचं पाणी प्यायलं आणि जन्मभर त्याचा राग धरला. ती रिकामा हंडा कडेवर घेऊन माझ्यासमोरून गेली, आणि जाता जाता थांबली.

"आज गर्दी नाही गो, चांगुणे."

"तुझा हंडा भरायला गर्दी लागत नाही. ये."

"नको बाय. आमचं आपलं खारट बरं. खारटाने कुणी मेलेलं ऐकलं नाही."

मी घरी आले ती तडक मेघनासमोर उभी राहिले. ती पट्ट्या कागदात गुंडाळत होती, मुंबईच्या यंत्रावर न्यायला. मी देवघरातली तांब्याची हंडी उचलली, विहिरीवर गेले, पोहरा सोडला, काठोकाठ भरून आणली आणि तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, यात टाक तुझी पट्टी. माझ्यासमोर टाक.

तिने मला समजवायचा प्रयत्न केला. हंडीत पाणी थोडं, आई, त्यात धरायला फारसं नसतं, विहिरीत झरा सतत नवं आणून देतो. मी म्हटलं, तुझी विहीण एवढी हावरट असेल तर हंडीतही जेवेल. तिने उसासा टाकला आणि नवी पट्टी हंडीत सोडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं, पुन्हा अंधार. या वेळी आम्ही दोघीच. तिने हंडीतली पट्टी दिव्याखाली धरली. काळोख. बाटलीतल्या पट्टीसारखाच.

"बघ," मी म्हटलं.

मला वाटलं ती हंडीचं, थोड्या पाण्याचं काही सांगेल. पण तिने विहिरीची आधीची पट्टी काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. एक पेटलेली, एक मेलेली.

"थोडंफार कमी दिसलं असतं तर समजलं असतं," ती म्हणाली. "एवढा फरक पडत नाही, आई. विहिरीत खरंच एवढं असतं, तर हंडीत किंचित तरी दिसायला हवं होतं. आणि उघड्या समुद्रात एवढं असूच शकत नाही. मला पहिल्याच दिवशी थांबायला हवं होतं."

मग तिने दिवा बाजूला ठेवला, पोतं ओढून काढलं, आणि कोपऱ्यात पडलेल्या दोऱ्या उचलल्या, ज्यांना पट्ट्या टांगल्या होत्या त्या. एक दोरी नाकाशी नेली. माझ्या नाकाला ती तिच्या हातातच कळली. आमच्या घरात जन्मलेल्या पोराला दुधाआधी तो वास कळतो.

तिने दामोदरला बोलावलं.

"भाऊजी, मी सुती दोरी दिली होती ना बांधायला?"

"ती दोरी होती की राखी," दामोदर म्हणाला. "दोन भरत्यांत कुजून तुटली असती, आणि तुझ्या पट्ट्या समुद्राला गेल्या असत्या. आपली काथ्याची बांधली मी. डांबर पाजलेली. वर्षभर हलायची नाही."

मेघना खाली बसली.

तिने दोरीचा एक तुकडा कापला, शुद्ध पाण्याच्या नव्या बाटलीत टाकला, सोबत नवी पट्टी सोडली. दुपारचं जेवण झाल्यावर ती आम्हाला दाखवली. कारखाना नाही, खाडी नाही, विहीर नाही, तरी पट्टी नुसती भडकली होती. डांबर त्याच कुळातलं, तिने सांगितलं. कारखान्याच्या पाण्यात जे शोधायचं होतं, तेच दोरीला पाजलेलं होतं. पट्टीने जे खाल्लं ते दोरीचं.

आमच्या सात पिढ्या खाऱ्या पाण्यात दोरी सोडताना आधी डांबर पाजत आल्या. दामोदरच्या हाताने दुसरं काही झालंच नसतं. त्याने पट्ट्यांची काळजी घेतली होती, दुसरं काही नाही. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि मग त्याने मान वर केली तेव्हा मला त्याचं तोंड आवडलं नाही.

"हे आपल्या तिघांनाच ठाऊक आहे," तो म्हणाला.

मग त्याने पुष्कळ सांगितलं. सोमवार पाच दिवसांवर आला. कारखाना घाण सोडतो हे खोटं आहे का? खाडी मेली हे खोटं आहे का? दोनदा तपासलं तेव्हा त्यांना काही सापडलं नाही, आता एकदा सापडलंय तर ते फेकून द्यायचं? पट्टी खोटी असेल, पण तिने सांगितलेलं खरंच आहे. मेघना एवढंच म्हणत राहिली, की मी हे साहेबासमोर ठेवणार नाही, भाऊजी, उद्या त्यांच्या माणसाने दोरी हुंगली तर गावाचं म्हणणं पुन्हा कुणी ऐकणार नाही. मी पट्ट्या पुन्हा टांगते, साध्या दोरीने, रविवारपर्यंत जेवढं कळेल तेवढं कळेल. आणि त्यात काहीच नाही निघालं तर? असं त्याने विचारलं. तर नाही निघालं, ती म्हणाली.

दोघं माझ्याकडे वळले. या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे घाटावरच्या पोरीलाही एव्हाना कळलं होतं.

"पुन्हा टांगायच्या," मी म्हटलं.

"आये, तुला गावाचं पडलं नाही. तुला तुझी विहीर धुऊन काढायचीय."

"हो," मी म्हटलं. "माझ्या विहिरीवर खोटा आळ घेऊन तुमची खाडी वाचणार असेल, तर मला ती वाचवायची नाही. खऱ्याने वाचवा."

तो पाय आपटत गेला. मला त्याचा राग आला नाही. तो बोलला ते बरोबरच होतं, मला विहीरच धुऊन काढायची होती. हंडीतली पट्टी काळी निघाली होती. माझ्या मनात कसलीही शंका नव्हती.

आता दोरीचा प्रश्न. नायलॉन मेघनाला नको होतं. मी माझ्या परकराची पांढरी नाडी काढून दिली, तर तिने ती दिव्याखाली धरून दाखवली. साबणाच्या पावडरीमुळे तीसुद्धा चमकत होती. न धुतलेलं, न रंगवलेलं, कशातही न बुडवलेलं सूत हवं. तेव्हा मी देवघरातला वातींचा कापूस काढला. सरकीतून हाताने सोडवलेला, आमच्या माहेरचा. मांडीवर घासून मी सूत काढलं, तिपेडी केलं, पुन्हा तिपेडी केलं. मेघना समोर बसून बघत होती. मध्येच म्हणाली, तुमच्या हाताला तेल नाही ना, आई? मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी भस्माने हात धुतलेत, आता तोंड बंद ठेव. तिन्ही दोऱ्या मीच वळल्या. विहिरीतली मीच सोडली. सोडताना झऱ्याला म्हटलंसुद्धा, की आता दाखव यांना.

रविवारी दुपारी पोतं पुन्हा चढलं. दामोदर दाराला टेकून उभा होता, जाळ्यांवर मी.

मुखाशी टांगलेली पट्टी काळी. ती तशीच असायला हवी, मेघना म्हणाली. पाइपापाशी टांगलेली तिने बराच वेळ फिरवली. कडेला कुठे निळसर होतं, आहे म्हटलं तर होतं, नाही म्हटलं तर नव्हतं. दिवसातून दोनदा भरती येते आणि खाडी धुऊन नेते, ती हळू आवाजात म्हणाली. एवढ्यावर कुणाला काही सिद्ध करता येणार नाही. दामोदरने हवेत हात उडवला.

मग तिने माझ्या विहिरीची उचलली.

ती पहिल्यासारखी पेटली नाही. दिव्याखाली आली आणि शांतपणे निळी झाली. गोकर्णीचं फूल असतं तशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

मेघनाने पट्टी खाली ठेवली, पुसली, पुन्हा धरली. मग तिने माझी सुताची दोरी दिव्याखाली धरली. दोरी काळी. मला वाटतं, ती दोरी निळी निघावी म्हणून तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले असतील. मी जोडले होते.

तिने जे सांगितलं ते मला आज जसंच्या तसं सांगता येणार नाही. टेकडीच्या मागे जुनी दगडाची खाण आहे, कारखान्याचे ट्रक तिथे रिकामे होतात हे सगळ्यांनी पाहिलेलं. काळा गाळ. तो कातळाच्या भेगांतून उतरत असणार, थेंब थेंब, आणि सासऱ्यांनी फोडलेला कातळ तोच. खाडीला भरती-ओहोटी आहे. विहिरीला नाही. विहिरीत येतं ते साठतं, आणि आपण ते उपसून पितो. हंडीतलं पाणी थोडं होतं, त्यात दिसलं नाही, एवढंच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ते पट्टीला कळत नाही, आई."

"वर्ष? पाच वर्षं? दहा?"

"नाही सांगता येत."

मी उठून बाहेर आले. बाहेर ऊन होतं, तारेवर बोंबील वाळत होते, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मला तो चमचा आठवला. आमच्या तांडेलांचं पोट फुगलेलं, डोळे पिवळे, आणि ते मान फिरवायचे, की पुरे, चांगुणे, नको आता. मी त्यांची हनुवटी धरून म्हणायचे, गोड्या विहिरीचं आहे, दोन चमचे घ्या, बरं वाटेल.

दामोदर माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याचा आवाज बदलला होता.

"आये, विहिरीचं नाव नको काढू उद्या. खाडीचं बोलू, मासळीचं बोलू. विहीर आपण आपली बंद करू, काहीतरी कारण सांगू. तुझं नाव सगळ्यांच्या तोंडी नको."

चार दिवसांपूर्वी हाच मला म्हणाला होता, तुला गावाचं पडलं नाही. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. लहानपणानंतर फिरवला नव्हता.

"उद्या मला नवं लुगडं काढून ठेव म्हणावं तुझ्या बायकोला," मी म्हटलं.

सोमवारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. साहेब भला माणूस दिसला. निदान झोपत तरी नव्हता. कारखान्याचे लोक पुढच्या खुर्च्यांवर, त्यांचा वकील कडक इस्त्रीचा. मेघना उभी राहिली. तिने आधी पहिल्या पट्ट्या काढल्या आणि स्वतःच सांगितलं, की या चुकीच्या आहेत, दोरीला डांबर होतं, चूक माझी, मी तपासायला हवं होतं. दामोदरचं नाव तिने घेतलं नाही. मग दुसऱ्या काढल्या आणि विहिरीची पट्टी साहेबाला शाळेच्या बंद वर्गात नेऊन दाखवली. ही पट्टी काहीतरी आहे एवढंच दाखवते, ती म्हणाली, कोणतं द्रव्य आणि किती, ते यंत्रावर कळेल. तुम्ही तुमच्या माणसांकडून विहीर आणि खाण तपासून घ्या.

वकील उठला. तो गोड बोलत होता. म्हणाला, बाईंनी स्वतःच कबूल केलं की एकदा चुकल्या. आज दोरी, उद्या आणखी काही. शिवाय गावाचाच फायदा, गावाच्याच सुनेची पट्टी. हिच्यावर विश्वास का ठेवायचा?

मेघनाजवळ त्याला उत्तर होतं, पण ते शास्त्रातलं होतं, आणि मांडवातली माणसं कुजबुजायला लागली होती. मी उठले. साहेबाने विचारलं, आजी, तुम्ही कोण?

"विहीर माझी आहे," मी म्हटलं. "दोरी मी वळलीय. देवाच्या कापसाची. पाण्यात मी सोडली आणि मी काढली."

वकील माझ्याकडे वळला. "आजी, तुमच्या विहिरीचं पाणी वाईट आहे असं तुम्हीच सांगताय?"

मांडवात सगळा गाव होता. ज्यांना मी पहिली कळशी दिली ते तांडेल होते, ज्यांचा पहिला हंडा भरला त्या बाया होत्या. ज्यांच्या घरी मी तांब्या भरून दिला होता, तेही होते. त्या सगळ्यांच्या देखत मी जन्मभर या पाण्यासाठी भांडले होते. कुणी नुसतं म्हटलं की आज जरा गढूळ आहे, तर त्याच्या घराण्याचा उद्धार करून त्याला पाठवलं होतं.

"यांना विचारा," मी म्हटलं. "या विहिरीला नाव ठेवणाऱ्याचं मी काय केलंय, ते यांना विचारा. आणि आज मी ठेवते. पाणी नासलंय. कुणी पिऊ नका."

साहेबाने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. ठमी बायांच्या घोळक्यात बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला.

त्या दिवशी कारखाना बंद झाला नाही. वाढवायची परवानगी अडली, साहेबाची माणसं येऊन विहिरीतलं आणि खाणीतलं घेऊन गेली, पुढे खूप महिन्यांनी खाणीतला गाळ उपसायचा हुकूम निघाला. पाण्याचा टँकर यायला लागला. हे सगळं दामोदर तुम्हाला नीट सांगेल, त्याला ते तोंडपाठ आहे.

मला त्या संध्याकाळचं तेवढं सांगायचंय. मी घरी आले तर पायरीवर हंडा भरून ठेवलेला, आणि शेजारी ठमी बसलेली. मी आत जाऊन भांडं आणलं, तिच्या हंड्यातलं घेतलं आणि प्यायले.

"खारट आहे," मी म्हटलं.

"आहेच," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी विहिरीवर गेलो. मी कप्पी उतरवली, पोहरा काढला. विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकल्या. त्या बांधायला काहीतरी हवं होतं. जाळ्यांच्या खोलीत त्या डांबराच्या दोऱ्या तशाच पडल्या होत्या, त्या आणल्या. ठमीने एक टोक धरलं, मी दुसरं. आमच्या हातांना वास लागला तो दोन दिवस गेला नाही.

आता मेघना दरवर्षी मे महिन्यात येते. बोंबलाचा काटा माझ्यापेक्षा सफाईने काढते. एक फळी सरकवून पट्टी सोडते, सुती दोरीने. ती दोरी अजून मीच वळून देते. मग पोतं लावून आम्ही बघतो. मी एकच विचारते, की विझलं का? ती दरवर्षी सांगते, नाही आई, पण गेल्या वर्षीपेक्षा फिकट आहे. मी बघून घेते. गोकर्णीचं फूल उन्हात राहिलं की होतं तसं, पण आहे.

फळ्या दोनदा बदलल्या. दोऱ्या त्याच आहेत.